झिप झटकन उघडायची आपली स्वतःची छोटी लायब्ररी, पायथनमध्ये, शंभरेक ओळींत

मागच्या उन्हाळ्यात गावच्या वाचनालयाची जुनी रजिस्टरं स्कॅन करून घेतली. ज्याने स्कॅन केलं त्याने पेनड्राइव्हवर ढीगभर झिप फाइल्स टाकून दिल्या आणि तो मोकळा झाला. भाच्याला म्हटलं उघडून ठेव सगळ्या, तर दहा मिनिटांत तो हाका मारायला लागला, ‘मामा, हे ग्रीकमध्ये का आलंय?’ मला वाटलं नेहमीसारखं मस्करी करतोय. जाऊन बघतो तर खरंच ग्रीक! प्रत्येक फाइलच्या नावात अल्फा, मग डोक्यावर लहर असलेला स्पॅनिश एन, मग काहीतरी चौकटीचा कोपरा, परत अल्फा, परत एन, परत एक कोपरा, पुन्हा अल्फा, पुन्हा एन, शेवटी उलटं प्रश्नचिन्ह. फाइलचं नाव मुळात ‘पान’ होतं.

त्या दिवशी जे जुगाड केलं ते पुढे वाढत वाढत एक छोटी लायब्ररी झाली, तिला मी ‘झटकन’ म्हणतो. ती कशी लिहायची ते सांगतो. कोड इथे आयता चिकटवत नाही, मुद्दाम, कारण आयता कोड चिकटवला की कुठली ओळ कशासाठी आहे ते कळत नाही आणि या प्रकारात नेमकं तेच कळायला हवं. पायथन थोडंफार येत असेल, फंक्शन लिहिता येत असेल, तर एका दुपारचं काम आहे. बाहेरचं एकही पॅकेज लागत नाही, पायथनसोबत येणारी झिपफाइल, टारफाइल, पाथलिब, शटिल आणि युनिकोडडेटा अशी मॉड्यूल्स पुरतात.

एक गंमत सांगतो, पायथन ३ मध्ये फंक्शनची नावं देवनागरीत ठेवता येतात. माझ्या लायब्ररीत चारच फंक्शन्स आहेत: यादी, नाव_सुधार, सुरक्षित_वाट आणि उघड. फक्त नावात ते न दिसणारं जोडणारं चिन्ह, झेडडब्ल्यूजे म्हणतात ते, घुसू देऊ नका, काही कीबोर्ड गुपचूप टाकतात आणि मग पायथन म्हणतं सिंटॅक्स एरर आणि आपण डोळे फाडून बघत बसतो की चुकलंय काय.

आधी यादी, मग बाकी सगळं

झिप फाइल आतून कशी असते हे एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. १९८९ मध्ये फिल कॅट्झने पीकेझिप आणलं तेव्हापासून रचना तीच आहे, म्हणूनच झिपच्या सुरुवातीला आजही त्याची आद्याक्षरं पी आणि के दिसतात. आत एकामागून एक फाइल्स ठेवलेल्या असतात, प्रत्येकीच्या आधी एक छोटं हेडर, आणि सगळ्यात शेवटी एक अनुक्रमणिका, जिला सेंट्रल डिरेक्टरी म्हणतात. पुस्तकाची अनुक्रमणिका पुढे असते, हिची मागे. उघडणारा प्रोग्रॅम म्हणून आधी फाइलच्या शेपटाकडे जातो, तिथली किमान २२ बाइटची एक नोंद शोधतो, ती सांगते अनुक्रमणिका कुठून सुरू होते, आणि मग तिथे उडी. म्हणूनच अर्धवट डाउनलोड झालेली झिप उघडतच नाही, तुम्ही ९० टक्के उतरवली असली तरी, कारण शेपूटच आलेलं नसतं.

याचा फायदा असा की दोन जीबीची झिप असली तरी आत काय काय आहे, प्रत्येक फाइल उघडल्यावर केवढी होईल, फाइलच्या कुठल्या जागी ती बसलीय, हे सगळं एक बाइटही न उलगडता लगेच कळतं. तर पहिलं फंक्शन, यादी, एवढंच करतं: झिप उघडायची, इन्फोलिस्ट मागवायची, आणि प्रत्येक नोंदीचं नाव, खरा आकार, दाबलेला आकार आणि हेडर कुठे आहे तो आकडा परत द्यायचा. मॅकवरून आलेल्या झिपमध्ये अंडरस्कोर अंडरस्कोर मॅकओएसएक्स नावाचं फोल्डर असतं, टिंब-अंडरस्कोरने सुरू होणारी पिल्लं असतात, ती इथेच गाळून टाका.

‘झटकन’ उघडणं म्हणजे माझ्या मते ऐंशी टक्के हेच, की जे नको ते उघडायचंच नाही. वाचनालयाच्या झिपमध्ये प्रत्येक पानाची एक मोठी टिफ आणि एक छोटी जेपेग होती. मला जेपेगच हव्या होत्या. नावाच्या शेवटावरून टिफ गाळल्या की काम संपलं, थ्रेड नको आणि काही नको.

पण हे लाड झिपचेच. टार डॉट जीझेड आली तर यादीसाठीसुद्धा अख्खी फाइल उलगडावी लागते, कारण तिथे आधी सगळ्या फाइल्सची एक लांबलचक माळ करतात आणि मग ती अख्खी माळ एकदम दाबतात, मधल्या मण्याकडे थेट जाता येत नाही. म्हणून टारसाठी आधी यादी, मग उघड असं दोनदा करू नका, दुप्पट वेळ जातो. एकाच फेरीत येईल तसा प्रत्येक मणी बघायचा, हवा तर घ्यायचा, नको तर पुढे.

नावांचा घोळ

आता त्या अल्फाकडे येऊ. झिपच्या प्रत्येक नोंदीत काही फ्लॅग असतात, त्यातला अकरावा बिट (शून्यापासून मोजायचं, म्हणजे किंमत २०४८) सांगतो की नाव यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची चिन्हं बाइट्समध्ये लिहायची नेहमीची पद्धत) आहे. तो बिट नसेल तर जुना नियम लागू, नाव आयबीएम पीसीच्या कोडपेज ४३७ मध्ये, म्हणजे कुठला बाइट कुठलं चिन्ह ते सांगणाऱ्या जुन्या तक्त्यानुसार, आहे असं धरायचं. पायथनचं झिपफाइल मॉड्यूल हा नियम इमानदारीत पाळतं. अडचण अशी की बरीच टूल्स नाव लिहितात यूटीएफ-८ मध्ये आणि बिट मात्र लावायला विसरतात.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पहिला बाइट कायम ई-शून्य, दुसरा ए-चार किंवा ए-पाच, तिसरा बदलता. कोडपेज ४३७ मध्ये ई-शून्य म्हणजे ग्रीक अल्फा, ए-चार म्हणजे तो लहरवाला एन, ए-पाच म्हणजे तोच एन पण कॅपिटल. ‘पान’ मध्ये तीन चिन्हं, प, काना आणि न, त्यांची झाली नऊ, आणि दर तिसऱ्या घरात अल्फा. म्हणजे तुम्हाला कधीही नावांत अल्फा-एन, अल्फा-एन असा ठेका दिसला तर घाबरू नका, डेटा शाबूत आहे, फक्त चष्मा चुकीचा लागलाय.

उतारा दोन पायऱ्यांचा. नाव_सुधार या फंक्शनमध्ये आधी बघायचं की बिट लागलाय का, लागला असेल तर नावाला हात लावायचा नाही. नसेल तर ते नाव परत कोडपेज ४३७ मध्ये एन्कोड करायचं, म्हणजे मूळ बाइट्स जसेच्या तसे हातात येतात (त्या कोडपेजमध्ये सगळ्या २५६ बाइट्सना चिन्हं आहेत त्यामुळे काही सांडत नाही), आणि ते बाइट्स यूटीएफ-८ म्हणून डीकोड करायचे. डीकोड करताना एरर आली तर याचा अर्थ ते यूटीएफ-८ नव्हतंच, तेव्हा जुनंच नाव ठेवायचं. पायथन ३.११ पासून झिपफाइल उघडतानाच मेटाडेटा एन्कोडिंग सांगायची सोय आहे, पण ती अख्ख्या झिपला एकच लागू होते, आणि माझ्याकडे कुठली झिप कशी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून मी हातानेच करतो.

इथे थांबलात तर एक सूक्ष्म घोळ राहतो, तो खास आपला मराठीचा. ‘दौऱ्याचे फोटो’ मधला तो ऱ बघा. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हेने लिहिता येतो, एकतर सलग एक चिन्ह, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता. जुन्या मॅकची फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, नावं सुटी करून ठेवायची, म्हणजे दुसरी तऱ्हा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्चमध्ये ‘दौऱ्याचे’ टाइप केलं तर फाइल सापडत नाही, समोर दिसतेय तरी सापडत नाही, डोकं फिरतं. उपाय एका ओळीचा, युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणारी तऱ्हा) सांगून चालवायचं. नाव_सुधारची शेवटची ओळ हीच.

आणि लांबी. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे. इंग्रजीत म्हणजे २५५ अक्षरं, पण आपल्याला तीनने भागायचं, ८५ चिन्हं, त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. विंडोजवर ही मर्यादा वेगळ्या हिशोबाने मोजतात त्यामुळे तिथे लांबच लांब मराठी नाव खुशाल चालतं आणि तीच झिप लिनक्सवर उघडली की नाव फार मोठं आहे म्हणून मध्येच आपटते. मी बाइट्स मोजतो, २०० च्या वर गेले तर मधून कापतो आणि एक्स्टेंशनच्या आधी एक क्रमांक लावतो. कापताना बाइट्सवर कापू नका, चिन्हांवर कापा, नाहीतर तीन बाइट्सच्या मधोमध सुरी लागते.

वाट तपासा, हे सोडू नका

आता थोडं गंभीर. झिपमधलं नाव म्हणजे नुसतं नाव नसतं, वाट असते, आणि त्या वाटेत कोणी दोन टिंबं आणि स्लॅश असं चार वेळा लिहून ठेवलं तर फाइल तुमच्या फोल्डरच्या बाहेर, वर वर चढत, कुठल्याही जागी जाऊन बसू शकते. २०१८ मध्ये स्निक या कंपनीने हा प्रकार झिप स्लिप या नावाने पुढे आणला आणि बऱ्याच नावाजलेल्या लायब्ऱ्या त्यात सापडल्या. पायथनचं एक्सट्रॅक्ट आणि एक्सट्रॅक्टऑल अशी दोन टिंबं आणि सुरुवातीचे स्लॅश स्वतःच काढून टाकतात. पण! आपण नावं सुधारायला गेलो ना, त्यामुळे आपण एक्सट्रॅक्टऑल वापरतच नाही, आपण नोंद ओपन करून स्वतः लिहितोय, म्हणजे ते आयतं कवच गेलं आणि जबाबदारी आपल्या गळ्यात आली. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं, पहिलं व्हर्जन तसंच महिनाभर वापरत होतो.

सुरक्षित_वाट हे फंक्शन असं लिहा: जिथे उघडायचं ते फोल्डर पूर्ण रिझॉल्व्ह करा, म्हणजे दोन टिंबं वगैरे सोडवून खरी पूर्ण वाट काढा, त्याला सुधारलेलं नाव जोडा, तेही रिझॉल्व्ह करा, आणि मग पाथलिबचं इज-रिलेटिव्ह-टू विचारा, दुसरं पहिल्याच्या आत आहे का. नाही म्हणालं तर ती फाइल सोडून द्यायची नाही, अख्खी झिपच नाकारायची. ज्याने एक असलं नाव घातलं त्याच्या बाकीच्या फाइल्सवर मी का विश्वास ठेवू. स्टार्ट्सविथ वापरून नुसती स्ट्रिंग जुळवू नका, कारण ‘स्कॅन’ फोल्डरची तपासणी ‘स्कॅन-जुने’ ला पण पास करते, दोन्हीची सुरुवात सारखीच. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी नाव सुधारायचं, मग वाट तपासायची. उलटं केलं तर तपासलं एक आणि लिहिलं दुसरंच असं होतं.

टारचं दुखणं याहून जुनं. तिथली ही भानगड २००७ मध्येच नोंदवली गेली होती, पण पायथनमध्ये नीट उपाय आला तो फिल्टर या रूपाने ३.१२ मध्ये, जुन्या आवृत्त्यांनाही सिक्युरिटी अपडेटमधून मिळाला, आणि ३.१४ पासून ‘डेटा’ हा फिल्टर आपोआप लागतो. टारमध्ये सिमलिंकपण (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात त्यामुळे स्वतः शहाणपणा करू नका, फिल्टरमध्ये डेटा लिहा आणि सोडून द्या.

मग झिप बॉम्ब, म्हणजे दिसायला छोटी पण उघडली की डिस्क भरून टाकणारी झिप. ४२ डॉट झिप नावाची प्रसिद्ध फाइल आहे, ४२ किलोबाइटची, आत झिपमध्ये झिप अशा थरांनी उलगडत गेलं तर साडेचार पेटाबाइट होतात. २०१९ मध्ये डेव्हिड फायफील्डने थर न लावता, एकाच दमात दहा एमबीतून २८१ टेराबाइट निघतील अशी झिप दाखवली, त्यात आतल्या फाइल्स एकमेकींवर चढवलेल्या होत्या. साधं डिफ्लेट, म्हणजे झिपची दाबण्याची नेहमीची पद्धत, फार तर १०३२ ला एक एवढं दाबू शकतं, म्हणजे त्याहून जास्त गुणोत्तर यादीत दिसलं तर काहीतरी चालूगिरी आहे हे नक्की. मी दोन गोष्टी करतो. यादीतल्या खऱ्या आकारांची बेरीज करून शटिलच्या डिस्क-यूसेजशी ताडून बघतो, जागा कमी असेल तर सुरूच करत नाही. आणि लिहिताना बाइट्स मोजत जातो, यादीत सांगितल्यापेक्षा एक बाइट जास्त आला की बंद. यादी खोटं बोलू शकते हे विसरू नका.

उघड, म्हणजे मुख्य काम

आता सगळं जोडायचं. ज्या फोल्डरमध्ये उघडायचं त्याच्या शेजारीच एक तात्पुरतं फोल्डर करा, सगळं त्यात उघडा, आणि शेवटी एकदाच नाव बदलून जागेवर ठेवा. मध्येच लाइट गेली (आमच्याकडे जातेच) तर अर्धवट फोल्डर खरं समजून कोणी वापरत नाही. शेजारीच का, सिस्टिमच्या टेम्पमध्ये का नको, तर ते वेगळ्या डिस्कवर असलं की नाव बदलणं म्हणजे परत सगळं कॉपी करणं होतं.

झिपच्या आत सगळं एकाच फोल्डरमध्ये असेल तर तेच वापरा, नसेल तर झिपच्या नावाचं फोल्डर करा. नाहीतर डेस्कटॉपवर चारशे फाइल्सचा पसारा होतो आणि तो आवरायला आपणच असतो.

वेगासाठी तीन गोष्टी खरंच कामाच्या. सगळी सबफोल्डर्स आधीच गोळा करून एकदाच बनवा, दर फाइलमागे फोल्डर आहे का, नाही का, विचारत बसू नका. नोंदी हेडरच्या जागेनुसार सॉर्ट करा म्हणजे वाचन पुढे पुढे सरळ जातं, फिरत्या हार्डडिस्कवर आणि पेनड्राइव्हवर हा फरक हाताला लागतो. आणि कॉपी करताना तुकडा मोठा घ्या, मी एक एमबी घेतो.

थ्रेड? लोक आधी थ्रेडकडेच धावतात. झेडलिब, म्हणजे डिफ्लेट उलगडणारी लायब्ररी, उलगडताना पायथनचं ते एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुप्रसिद्ध कुलूप, जीआयएल, सोडून देतं, त्यामुळे थ्रेडने खरंच फायदा होऊ शकतो, पण कधी, तर मोठमोठ्या टेक्स्ट किंवा सीएसव्ही असतील आणि डिस्क एसएसडी असेल तेव्हा. जेपेग आधीच दाबलेली असते, तिच्यात उलगडण्यासारखं काही उरलेलंच नसतं, सगळा वेळ डिस्कवर लिहिण्यात जातो, आणि तिथे आठ थ्रेड लावले तर एसटी स्टँडवर एकाच दारातून आठ जण घुसल्यासारखं होतं. थ्रेड लावलेच तर प्रत्येकाला झिपचं स्वतःचं हँडल द्या, पण थ्रेडमागे एकदा, फाइलमागे नव्हे, कारण दर वेळी उघडलं की अनुक्रमणिका परत वाचली जाते. आणि दोन्ही तऱ्हा टायमर लावून स्वतःच्या मशीनवर बघा, माझं ऐकू नका.

तारीख आणि परमिशन झिपफाइल परत लावत नाही. नोंदीत तारीख असते, सहा आकड्यांची, ती लिहून झाल्यावर फाइलला लावायची. ही तारीख जुन्या डॉसच्या पद्धतीची आहे, १९८० पासून सुरू होते आणि सेकंद दोनदोनच्या पटीत मोजते, त्यामुळे एखादा सेकंद इकडेतिकडे झाला तर बग शोधत बसू नका.

फाइल ओळखायची कशी

एक्स्टेंशनवर जाऊ नका, पहिले काही बाइट्स वाचा. पी के तीन चार म्हणजे झिप, एक-एफ आठ-बी म्हणजे जीझिप, बी झेड एच म्हणजे बीझिप२, टारची ओळख (इथेही शून्यापासून मोजून) २५७ व्या बाइटवर ‘यूस्टार’ अशी लिहिलेली असते. पण यात मी एकदा तोंडावर पडलोय. अख्ख्या फोल्डरमधलं जे जे झिप दिसेल ते उघड असं सांगितलं, आणि लायब्ररीने सगळ्या वर्डच्या आणि एक्सेलच्या फाइल्सपण फोडून ठेवल्या, कारण डॉक्स, एक्सएलएसएक्स, ईपब, एपीके, जार ही सगळी आतून झिपच असतात! काकांच्या हिशोबाच्या फाइलचं एक्सएमएलचं भुस्कट झालं (मूळ फाइल शाबूत होती, नशीब). तेव्हापासून एक्स्टेंशनची एक वगळ-यादी ठेवलीय.

पासवर्डवाल्या झिपसाठी ही लायब्ररी वापरू नका. पायथनचं मॉड्यूल जुनी पद्धतच उलगडतं, तीही सावकाश कारण ते काम सीमध्ये नाही, नुसत्या पायथनमध्ये आहे, आणि एईएस, म्हणजे नवं मजबूत एन्क्रिप्शन, तर येतच नाही. तिथे सरळ सेव्हन-झिप वापरा. रारसाठीपण तेच.

शेवटी एक टेस्ट झिप बनवून ठेवा, हाताने. तिच्यात एक रिकामं फोल्डर घाला, एक शून्य बाइटची फाइल, ‘दौऱ्याचे फोटो’ दोन्ही तऱ्हेच्या ऱ ने लिहून दोन फाइल्स (सुधारल्यावर दोघींचं नाव एकच होतं, मग दुसरी पहिलीवर चढते, ते पकडायचंय, दुसरीला क्रमांक लावा), नव्वद चिन्हांचं एक मराठी नाव. आणि एक वेगळी झिप, दोन टिंबंवाली, जी नाकारली गेलीच पाहिजे. भाच्याला मी एवढंच काम दिलं होतं, त्याने दुसऱ्याच फेरीत फोटो डॉट जेपीजी आणि फोटो डॉट कॅपिटल जेपीजी अशा दोन फाइल्स घालून विंडोजवर माझी लायब्ररी पाडून दाखवली. तिथे लहान-मोठी लिपी एकच धरतात. आता नाव आधी आलंय का हे बघताना मी दोन्ही केसफोल्ड करून, म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांतला फरक पुसून, ताडतो.